बीटल्सची सर्वांत दुबळी गाणी : कोणती आणि का?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी,

गेले तेरा महिने आम्ही सात-आठ जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या एका मित्राच्या माडीवर जमून बीटल्सचा, म्हणजे लेनन, मॅकार्टनी, हॅरिसन आणि रिंगो या चौघांच्या बँडचा, एकेक अल्बम ऐकत आलो. अल्बम ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने ऐकायचे, गाणे सुरू असताना बोलायचे नाही आणि नावडते गाणे आले म्हणून ते गाळायचे नाही, एवढेच नियम होते. १९६३ च्या 'प्लीज प्लीज मी'पासून सुरू झालेली ही फेरी या रविवारी १९७० च्या 'लेट इट बी'पाशी पूर्ण झाली. त्यानंतर भडंगाची परात मध्ये ठेवून जी चर्चा सुरू झाली, ती चांगल्या गाण्यांची नव्हतीच. त्यांच्याबद्दल एकमत असल्यामुळे बोलण्यासारखे फारसे उरले नव्हते. वाद पेटला तो दुबळ्या गाण्यांवर, आणि रात्री साडेदहापर्यंत तो मिटला नाही. म्हणून हा धागा काढतो आहे.

दुबळे कशाला म्हणायचे, हे आधी ठरवायला हवे. खासबागेत कुस्ती बघायला बसलेला जाणता माणूस हरलेल्या पैलवानावर चिडत नाही. डाव टाकला, तो अंगावर उलटला आणि गडी चितपट झाला, तरी लढला म्हणून त्याच्या पाठीवर थाप पडते. मैदान चिडते ते नुसती खडाखडी करत वेळ काढणाऱ्या जोडीवर. गाण्याच्या बाबतीतही मी हीच फूटपट्टी लावतो. फसलेला प्रयोग माझ्या लेखी दुबळा ठरत नाही. ज्या गाण्याला स्वतःचे असे काही सांगायचेच नव्हते, तरीही जे तबकडीवर जाऊन बसले, ते दुबळे.

या हिशेबाने माझ्या यादीत पहिले येते १९६९ च्या 'अ‍ॅबी रोड'वरचे 'मॅक्सवेल्स सिल्व्हर हॅमर'. एक वैद्यकीचा विद्यार्थी हातोड्याने एकामागून एक माणसे मारतो, ही गोष्ट मॅकार्टनीने बालगीताच्या उड्या मारत्या चालीवर बसवली आहे. त्यात ऐरणीवर हातोडा पडल्याचा खराखुरा आवाज आहे, त्या काळी अगदी नवे असलेले मूग सिंथेसायझर आहे, आणि गाण्यासाठी स्टुडिओत दिवसचे दिवस खर्ची पडले आहेत. लेननने त्यात काही वाजवलेलेच नाही. नुकत्याच झालेल्या मोटार अपघातातून तो उठला होता आणि हे गाणे त्याला मुळातच आवडत नव्हते. रिंगोने तर पुढे कित्येक वर्षांनी हे आपल्या वाट्याला आलेले सर्वांत वाईट ध्वनिमुद्रण असल्याचे सांगितले. मला बोचते ते वेगळेच. त्याच वर्षी जानेवारीत हॅरिसन 'ऑल थिंग्ज मस्ट पास' हे आपले गाणे घेऊन चौघांच्या तालमीत बसला होता. ते गाणे बीटल्सच्या एकाही अल्बमवर आले नाही, आणि हातोडा मात्र आला.

दुसरे, १९६४ च्या 'बीटल्स फॉर सेल'वरचे 'मिस्टर मूनलाइट'. हे त्यांचे स्वतःचे नव्हे, दुसऱ्याचे गाणे. सुरुवातीची लेननची एकट्याची हाक अंगावर काटा आणणारी आहे, पण त्यानंतर जो ऑर्गन येतो त्याने गाण्याची सगळी हवा निघून जाते. ज्या दिवशी, म्हणजे १४ ऑगस्ट १९६४ रोजी, त्यांनी हे गाणे पहिल्यांदा मुद्रित केले, त्याच दिवशी 'लीव्ह माय किटन अलोन' हेही मुद्रित केले होते. ते कितीतरी जोमदार आहे. ते बाजूला पडले आणि १९९५ च्या 'अँथॉलॉजी'पर्यंत लोकांसमोर अधिकृतपणे आले नाही.

आता आमच्या माडीवर बहुमताने जे सर्वांत दुबळे ठरले, ते 'रिव्होल्यूशन ९' हे नुसत्या आवाजांच्या तुकड्यांचे प्रयोगी ध्वनिमुद्रण माझ्या यादीत नाही. कारण वर दिलेच आहे. आपापली मते सविस्तर मांडावीत. नुसती नावे देऊन जाऊ नये, ही विनंती.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

'मॅक्सवेल'बद्दल आपण फार कठोर झाला आहात, असे मला वाटते. माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि 'अ‍ॅबी रोड' लावल्यावर ती या गाण्यासाठी आणि रिंगोच्या 'ऑक्टोपसेस गार्डन'साठी धावत बाहेरच्या खोलीत येते. सहा वर्षांच्या मुलीला शब्द कळत नाहीत, पण चाल कळते, आणि चाल बांधण्यात मॅकार्टनीने कुठेही कसूर केलेली नाही.

दुबळेपणा शोधायचाच तर मी 'डिग इट'कडे बोट दाखवेन. स्टुडिओत सहज चाललेल्या बारा मिनिटांहून लांब वादनातला जेमतेम पन्नास सेकंदांचा तुकडा कापून 'लेट इट बी'वर लावला आहे आणि त्यावर चौघांचीही नावे आहेत. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. आपल्याच फूटपट्टीने पाहिले, तर याच्याइतकी रिकामी जागा त्यांच्या दुसऱ्या कुठल्या तबकडीवर आहे?

जुना_श्रोता

'मिस्टर मूनलाइट'च्या बाबतीत परिस्थिती विसरून चालणार नाही. १९६४ च्या जुलैमध्ये 'अ हार्ड डेज नाइट' निघाला. त्यातली तेराच्या तेरा गाणी लेनन-मॅकार्टनी यांची. त्यानंतर अमेरिकेचा दौरा, ब्रिटनचा दौरा, आणि नाताळच्या बाजारासाठी डिसेंबरात पुन्हा नवा अल्बम. विहीर उपसल्यावर पाणी भरायला वेळ लागतो. म्हणून चौदांपैकी सहा गाणी त्यांनी दुसऱ्यांची घेतली. त्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचे त्यांचे चेहरे एकदा पाहावेत. चौघेही थकलेले दिसतात. अशा वेळी भरतीचे गाणे येणारच, आणि ज्या अल्बमवर 'नो रिप्लाय' आणि 'आय अ‍ॅम अ लूझर' आहेत, त्याला एवढे मी माफ करतो.

माझ्या यादीत 'वाइल्ड हनी पाय' आहे, आणि त्याचे कारण वैयक्तिक आहे. १९८० च्या दशकात आमच्याकडे मूळ तबकड्या मिळण्याची सोय नव्हती. एक दुकानदार आपल्या संग्रहातून कोऱ्या कॅसेटवर गाणी उतरवून देत असत. आपण कागदावर यादी लिहून द्यायची, आठवड्याने कॅसेट घ्यायची. मी दिलेल्या यादीत हे गाणे नव्हते. परंतु पहिल्या बाजूच्या शेवटी मिनिटभराची फीत उरली होती, आणि ती कोरी सोडणे त्या माणसाच्या हिशेबी स्वभावाला मानवले नसावे. त्यांनी मोजून बावन्न सेकंदांचे हे गाणे तिथे बसवले. 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' संपून मन जड झालेले असताना, लगेच एकटा मॅकार्टनी स्वतःच्याच आवाजांचे थर चढवून ते शब्द आरडाओरडा केल्यासारखे म्हणू लागे. मी ती कॅसेट अकरा वर्षे ऐकली. आजही त्या गाण्याचे शेवटचे स्वर ऐकू आले, की कॅसेट उलटण्यासाठी माझा हात आपोआप पुढे होतो.

षड्ज

माडीवरच्या त्या रविवारी मी होतो, आणि एका गोष्टीवर तिथे नीट बोलता आले नाही, म्हणून इथे लिहितो. आमच्यातल्या तिघांनी हॅरिसनच्या १९६७ च्या 'विदिन यू विदाउट यू' या भारतीय वळणाच्या गाण्याला दुबळ्या गाण्यांत टाकले. त्यांचे म्हणणे असे, की आपले संगीत परक्यांनी वरवर उचलले की ते पोकळ वाजते, आणि ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब राहिले, ज्या गावच्या देवल क्लबात पिढ्यान्‌पिढ्या गाणे ऐकले गेले, त्या गावच्या कानाला तरी हे कळायला हवे. मी स्वतः बारा वर्षे तबला शिकलो आहे आणि मला हे मत अजिबात पटत नाही. खाँसाहेबांच्या गावच्या कानाने आधी गाणे पूर्ण ऐकावे आणि मग निवाडा द्यावा.

गाण्याची घडण बघा. खाली तंबोरा आहे, चाल खमाज थाटाच्या अंगाने जाते, गजाने वाजवायचा दिलरुबा गायकाच्या मागोमाग तीच सुरावट धरून चालतो. गायनाचा भाग सोळा मात्रांच्या तीनतालात आहे, आणि मधला वादनाचा भाग सुरू होताच ताल बदलून दहा मात्रांचा झपताल होतो. तिथे दिलरुबा आणि सतार एकमेकांशी बोलतात, आणि बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने लिहिलेली आठ व्हायोलिने व तीन चेलो त्यांना उत्तर देतात. पाश्चात्त्य व्हायोलिनवाल्यांना दिलरुब्याच्या मींडेमागे जायला लावणे, म्हणजे दोन स्वरांमधल्या वाटेवरून घसरत जायला लावणे, हे सोपे काम नव्हे. त्यांची सगळी तालीम प्रत्येक स्वर स्वच्छ वेगळा ठेवण्याची असते. या ध्वनिमुद्रणात बीटल्सपैकी एकटा हॅरिसन आहे. भारतीय वाद्ये वाजवणारे बाकीचे बहुतेक वादक लंडनमधल्या 'एशियन म्युझिक सर्कल' या संस्थेमार्फत आलेले होते. १९६६ मध्ये हॅरिसन भारतात येऊन रविशंकरांकडे सतार शिकला होता, आणि आपल्याला सतारिया होणे जमणार नाही हेही त्याने पुढे प्रामाणिकपणे ओळखले. वरवर उचलणारा माणूस एवढे कष्ट घेत नाही.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याआधीच्या वर्षी, १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर'वरच्या 'लव्ह यू टू'मध्ये तबला वाजवला आहे अनिल भागवत यांनी. बाहेरच्या वादकाचे नाव बीटल्सच्या अल्बमच्या वेष्टनावर छापले जाणे ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती, आणि तिथे हे नाव छापलेले आहे. मी पहिल्यांदा ते वाचले तेव्हा बराच वेळ त्या एका ओळीवर बोट ठेवून बसलो होतो.

याच्या उलट, हॅरिसनचेच 'ओन्ली अ नॉर्दर्न साँग' मात्र मी बिनदिक्कत दुबळ्या यादीत टाकतो. आपल्या गाण्यांचे हक्क ज्या प्रकाशन कंपनीकडे होते तिच्यावरचा राग त्याने त्यात काढला आहे. राग रास्त असेल, पण गाणे रुसून बसलेल्या माणसासारखे आहे. कर्णे आणि गोंगाट वरून ओतला तरी आतले रुसवेपण लपत नाही. १९६७ च्या फेब्रुवारीत त्याने ते 'सार्जंट पेपर'साठी आणले, ते नाकारले गेले, आणि पुढच्याच महिन्यात तो 'विदिन यू विदाउट यू' घेऊन आला. दुबळे गाणे परत गेले म्हणून हे गाणे जन्मले, असे मी मानतो.

निशिगंध

एवढी चर्चा झाली, पण 'रन फॉर युवर लाइफ'चे नाव कुणी घेतले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. १९६५ च्या 'रबर सोल'चा शेवट या गाण्याने होतो. प्रियकर प्रेयसीला बजावतो, की दुसऱ्या कुणाबरोबर दिसलीस तर जीव वाचवून पळ. मी हा अल्बम महाविद्यालयात असताना मैत्रिणींबरोबर ऐकला. 'इन माय लाइफ' संपल्यावर आमच्यापैकी एकीच्या डोळ्यांत पाणी होते, आणि नंतर दोनच गाण्यांनी हे लागले तेव्हा खोलीतले वातावरणच बदलले. काही न बोलता एकीने आवाज बारीक केला.

कृपया याला 'शब्दांकडे दुर्लक्ष करा, ठेका ऐका' असे उत्तर कुणी देऊ नये. शब्द बाजूला ठेवून, केवळ रचना म्हणूनही ते दुबळेच आहे. त्यातली मुख्य धमकीची ओळ एल्व्हिस प्रेस्लीने १९५५ मध्ये गायिलेल्या 'बेबी, लेट्स प्ले हाउस'मधून जशीच्या तशी उचलली आहे आणि बाकीचे गाणे त्या ओळीभोवती रचले आहे. लेननने स्वतः पुढे हे आपले नावडते गाणे असल्याचे आणि ते लिहिल्याचा पश्चात्ताप होत असल्याचे सांगितले. मला अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की १२ ऑक्टोबर १९६५ या एकाच दिवशी त्यांनी 'रन फॉर युवर लाइफ' पूर्ण केले आणि 'नॉर्वेजियन वुड'चे पहिले ध्वनिमुद्रणही केले. एका गाण्यात पुरुष स्त्रीला जिवाची भीती घालतो आहे; दुसऱ्यात सतारीच्या सुरावर, एका स्त्रीने आपल्याला कसे न्हाणीघरात झोपायला लावले, हे तो स्वतःच सांगतो आहे. लिहिणारा हात एकच, ध्वनिमुद्रणाचा दिवस एकच. त्यामुळे 'त्या काळी असेच लिहायचे' हे कारण मी मान्य करू शकत नाही. त्याच माणसाला त्याच काळात याहून चांगले लिहिता येत होते.

पंचगंगाकाठ

निशिगंधताई, आपला मुद्दा पूर्णपणे मान्य. माझ्या यादीत हे गाणे नसणे ही माझी चूक आहे, आणि ती मी सुधारतो. ते आता पहिल्या क्रमांकावर.

राजारामपुरीकर, आपल्या मुलीच्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आणि चाल नेटकी आहे हे मीही नाकारत नाही. माझे म्हणणे कारागिरीच्या अतिरेकाविषयी आहे. 'ओब्लाडी ओब्लाडा'चे उदाहरण घ्या. १९६८ च्या जुलैमध्ये तेही असेच दिवसेंदिवस पुन्हापुन्हा मुद्रित होत राहिले, लेननला ते सहन होईना, आणि शेवटी त्याने चिडून पियानोवर जो धडाका सुरू केला त्यानेच गाण्याला आजची सुरुवात मिळाली. म्हणजे तिथे चौघांच्या भांडणातून का होईना, गाण्यात जीव आला. 'मॅक्सवेल'मध्ये भांडायलाही लेनन उरला नव्हता. घासून घासून भांडे लख्ख झाले, पण त्यात शिजवायला काही नव्हते. 'डिग इट' रिकामे आहे, पण ते पन्नास सेकंदांत निघून जाते आणि आपण काही मोठे आहोत असा दावा करत नाही.

षड्ज, आपला प्रतिसाद पुढच्या रविवारी माडीवर मोठ्याने वाचून दाखवणार आहे. त्या तिघांना आधी कळवतो.

रंकाळा_संध्याकाळ

मी इथे बहुतेक वेळा फक्त वाचते, पण 'रिव्होल्यूशन ९'चा विषय निघाला म्हणून लिहिते.

माझे काका मुंबईत नोकरीला असताना त्यांनी बीटल्सचा पांढऱ्या वेष्टनाचा १९६८ चा जोड-अल्बम घेतला होता. निवृत्तीनंतर ते कोल्हापूरला परत आले तेव्हा तो बरोबर आला, आणि ते गेल्यावर माझ्याकडे. हा धागा वाचून मी चौथी बाजू दिव्याखाली तिरकी धरून पाहिली. पहिल्या चार गाण्यांच्या खाचा वर्षानुवर्षांच्या सुईने झिजून राखाडी पडल्या आहेत. 'क्राय बेबी क्राय' संपते तिथे बारीक बारीक चरे आहेत, सुई उचलल्याचे. त्याच्या पुढचा रुंद पट्टा मात्र काळाभोर आणि चकचकीत आहे, जणू तबकडी कालच आणली आहे. काकांनी आयुष्यभर प्रत्येक वेळी उठून सुई उचलली आणि ती शेवटच्या 'गुड नाइट'वर नेऊन ठेवली. आठ मिनिटे बावीस सेकंदांचे ते ध्वनिमुद्रण त्यांनी एखाद-दुसऱ्या वेळेहून जास्त ऐकलेले नाही.

म्हणून विचारते, ज्या गाण्यासाठी इतक्या जाणत्या श्रोत्याला दर वेळी खुर्चीतून उठावे लागले, त्याला दुबळे म्हणायचे नाही, तर काय म्हणायचे?

पंचगंगाकाठ

याचे उत्तर मी देण्यापेक्षा आपणच एकदा ती बाजू सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सुई न उचलता ऐकावी आणि इथे लिहावे. फितीचे तुकडे, उलट वाजवलेले वाद्यवृंद, जमावाचा कोलाहल, खेळाच्या मैदानावरच्या आरोळ्या आणि पुन्हापुन्हा 'नऊ' हा आकडा उच्चारणारा एक निर्विकार आवाज, एवढेच त्यात आहे, हे आपल्याला ठाऊक असेलच. मी त्याला आवडते गाणे म्हणत नाही. तीस गाण्यांचा हा पसारा आवरून एकच तबकडी काढावी असे जॉर्ज मार्टिनचे मत होते, आणि तसे झाले असते तर बहुधा पहिली कुऱ्हाड यावरच पडली असती. तरीही जगातला सर्वांत लोकप्रिय बँड आपल्या लक्षावधी श्रोत्यांपुढे हे ठेवतो, तेव्हा त्याने डाव टाकलेला असतो. तो उलटला असे आपण जरूर म्हणा, परंतु ती खडाखडी नव्हती.

रंकाळा_संध्याकाळ

काल रात्री ऐकले. घरातले सगळे झोपल्यावर, आवाज बेताचा ठेवून.

पहिली चार गाणी खरखरत होती. 'क्राय बेबी क्राय' संपले, चऱ्यांवरून सुई दोनदा टचटच करत गेली आणि एकदम सगळी खरखर थांबली. इतका स्वच्छ आवाज या तबकडीतून मी कधीच ऐकला नव्हता. तो नऊचा आकडा उच्चारणारा माणूस खोलीत उभा असल्यासारखा वाटला. मध्यापर्यंत मी तीन वेळा उठायला निघाले आणि बसून राहिले. मला ते आवडले नाही. गर्दीच्या ओरड्याचा भाग तर नकोसा झाला, आणि आठ मिनिटांऐवजी तीन मिनिटांत जे सांगता आले असते ते ताणले आहे, हे माझे मत कायम आहे. माझ्या यादीत ते राहील.

पण त्यानंतर काहीही पूर्वसूचना न देता तंतुवाद्ये सुरू झाली आणि रिंगो 'गुड नाइट' गाऊ लागला. हे अंगाईगीत मी लहानपणापासून काकांकडे शेकडो वेळा ऐकले आहे, आणि मला ते नेहमी फार गोड, जरा जास्तच गोड वाटत आले. काल तसे वाटले नाही. तेवढ्या कोलाहलानंतर ते ऐकताना, घाबरून जागे झालेल्या मुलाला कुणीतरी पुन्हा थोपटून निजवावे तसे वाटले. काका सुई उचलून थेट या गाण्यावर ठेवत असत. म्हणजे त्यांच्या घरी ते मी आजवर त्याच्या जागेवर एकदाही ऐकले नव्हते.

तबकडी संपल्यावर मी ती पुन्हा तिरकी धरून पाहिली. काळ्या पट्ट्यावर सुईच्या वाटेची एक अगदी फिकट रेघ उठली आहे.